निरोपाची जबाबदारी

अंतराळयानाच्या मालिकेत प्रत्येकाचं काम प्रेक्षकाला चटकन कळतं. कप्तान हुकूम देतो, शास्त्रज्ञ कोडं सोडवतो, इंजिनियर ऐन वेळी बिघडलेलं यंत्र सुरू करतो, डॉक्टर जीव वाचवतो. या सगळ्यांच्या मागं, कानाला यंत्र लावून, आणखी एक जण बसलेला असतो. ‘संपर्क झाला’, ‘पलीकडून उत्तर नाही’, ‘संदेश येतोय’ अशी दोन-चार वाक्यं त्याच्या वाट्याला येतात आणि कॅमेरा पुन्हा कप्तानाकडे वळतो. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत प्रसारित झालेली आणि १९८०च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही दिसलेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अनेकांना आठवत असेल. तिच्यातली लेफ्टनंट उहुरा ही या खुर्चीवरची सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती. निशेल निकोल्स यांनी ती साकारली. एक कृष्णवर्णीय स्त्री यानाच्या नियंत्रण कक्षात अधिकारी म्हणून बसते, याचं कौतुक जगभर झालं आणि ते रास्तच होतं. पण तिथं बसून ती नेमकं काय करते, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. फोन जोडून द्यायचा, एवढंच ते काम, असं गृहीत धरलं गेलं. माझ्या मते संदेश सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम यानावरच्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. ते का अवघड आहे, हे समजायला अंतराळात जायला नको. अकोला-बडनेऱ्याचा लोहमार्ग, मेळघाट आणि सातपुड्याचा पायथा एवढा मुलूख त्यासाठी पुरे आहे.

या कामाचे चार भाग पडतात. गोंगाटातून नेमका आवाज वेगळा काढणं हा पहिला. बोलणारा कोण आहे आणि बोलतो त्याची खात्री काय, हे ठरवणं हा दुसरा. जे ऐकलं त्याचा अर्थ लावणं हा तिसरा. चौथा सर्वांत कठीण: जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून वरिष्ठाला तोंडावर सांगणं. मालिकांच्या लेखकांनी या कामाला पडद्यावर वेळ कमी दिला, तरी जेव्हा दिला तेव्हा हे चारही भाग दिसले आहेत. १९६७ साली आलेल्या ‘हू मोर्न्स फॉर अडोनाइस?’ या भागात यानाचा संपर्क तुटतो आणि उहुरा स्वतः यंत्राच्या पोटात हात घालून मंडल नव्यानं जुळवते. एक जोड चुकली तर सगळंच जळून जाईल, असं ती सांगते. त्यावर यानावरचा सर्वांत बुद्धिमान समजला जाणारा स्पॉक म्हणतो की हे काम तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. २००१ साली सुरू झालेल्या ‘एंटरप्राइज’ या ‘स्टार ट्रेक’च्याच मालिकेत होशी सातो ही भाषाशास्त्रज्ञ आहे. ‘फाइट ऑर फ्लाइट’ या भागात परक्या यानाच्या कप्तानाला संशय असतो की आपली माणसं होशीच्या यानावरच्या लोकांनीच मारली. भाषांतर यंत्र अडखळतं. तेव्हा होशीला यंत्र बाजूला सारून, तुटक का होईना, त्याच्याच भाषेत बोलावं लागतं, आणि त्या बोलण्यामुळं यान वाचतं. २००९च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात तर संपूर्ण कथानकच एका ऐकलेल्या संदेशावर उभं आहे. उहुरानं आदल्या रात्री टिपलेला एक दूरचा संदेश चित्रपटाचा नायक कर्क याला आठवतो, म्हणून पुढचा सापळा ओळखू येतो. त्याच प्रसंगात कप्तान ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला एका भाषेतले संदेश शोधायला सांगतो. तो प्रामाणिकपणे सांगतो की तिच्यातला आणि जवळच्या दुसऱ्या भाषेतला फरक ओळखता येईल याची खात्री नाही, आणि ती जागा उहुराला मिळते. त्या अधिकाऱ्याचं एका वाक्यातलं ते कबूल करणंही या कौशल्यातच मोडतं.

मग या कौशल्याला मान का मिळत नाही? कारण हे काम नीट झालं की दिसतच नाही. इंजिनियरनं यंत्र दुरुस्त केलं की दिवे लागतात. डॉक्टरनं उपचार केले की रुग्ण उठून बसतो. संदेश बरोबर पोचला तर घडत काहीच नाही, जो अनर्थ घडणार होता तो टळतो. न घडलेल्या गोष्टीचं श्रेय कुणी कुणाला देत नाही. म्हणूनच १९९९च्या ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ या चित्रपटात अशा पात्राची खिल्ली उडवली गेली. त्यातल्या अभिनेत्रीचं मालिकेतलं काम एवढंच, की संगणक जे बोलेल ते पुन्हा बोलायचं. प्रेक्षक त्यावर हसले. पण ‘ऐकलेलं पुन्हा बोलणं’ हाच प्रत्यक्षातल्या संदेशवहनाचा पाया आहे आणि त्यावर रोज हजारो जीव विसंबून असतात. त्यात हसण्यासारखं काहीच नाही, हे रेल्वेच्या कामात पाहिलं पाहिजे.

मुर्तिजापूर किंवा अकोल्याच्या आसपास फाटकावर खोळंबलेल्या माणसाला बंद फाटक दिसतं. त्यामागचं बोलणं त्याच्या कानी येत नाही. जिथं फाटक अजून माणसाच्या हातात आहे आणि सिग्नलशी यंत्रानं जोडलेलं नाही, तिथं स्टेशन मास्तर फोनवरून गेटमनला येणाऱ्या गाडीची माहिती देतो आणि फाटक लावायला सांगतो. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो. पण ‘लावलं साहेब’ एवढ्यावर त्याची सुटका होत नाही. त्याच्याजवळ दोन अंकी आकड्यांचा छापील तक्ता असतो. त्यातला पुढचा आकडा त्याला सांगावा लागतो. रेल्वेत याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तर तो आकडा रजिस्टरमध्ये लिहितो, गेटमन आपल्या तक्त्यावर तो खोडतो. आकडे क्रमानं नसतात, त्यामुळं पुढचा आकडा कोणता हे दुसऱ्याला ताडता येत नाही. ब्लॉक यंत्र बिघडलं तर शेजारच्या दोन स्थानकांमधली ‘लाइन क्लिअर’, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगीसुद्धा अशाच नंबरांच्या देवाणघेवाणीनं पक्की होते. या पद्धतीमागचा विचार फार खोल आहे. ‘हो, हो’ म्हणणं माणसाला सोपं जातं. झोपेत, घाईत, भीतीपोटी तो ते म्हणून टाकतो. आकडा सांगायचा तर तक्ता हातात घ्यावा लागतो, नजर टाकावी लागते, आणि जे सांगितलं त्याची नोंद दोन्हीकडे राहते. निरोप पोचला की नाही, कुणाला पोचला आणि कुणी त्याची जबाबदारी घेतली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या दोन अंकांत असतात. यानातला अधिकारी प्रत्येक संदेश मोठ्यानं पुन्हा उच्चारतो तेव्हा तो हेच करत असतो.

ही जबाबदारी ढिली पडली की काय होतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकिस्तानचं इल्युशिन. ३४९ माणसं गेली, एकही वाचला नाही. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. त्या विमानात इंग्रजीतलं बोलणं सांभाळायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. नियंत्रण कक्षाशी बोलणारा तोच, पण उंची दाखवणारं यंत्र त्याच्यासमोर नव्हतं, ते वैमानिकांपुढं. आणि ज्यांच्यापुढं यंत्र होतं त्यांचं इंग्रजी कच्चं. म्हणजे शब्द एकाच्या कानात आणि विमान दुसऱ्याच्या हातात, अशी ही रचना होती. संदेश सांभाळणाऱ्याला आपण निर्णयाच्या जागेपासून दूर, कोपऱ्यात बसवलं, की त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही. ‘स्टार ट्रेक’च्या यानात उहुराची खुर्ची कप्तानाच्या पाठीशी, त्याच कक्षात आहे आणि समोरचा पडदा तिलाही दिसतो. जहाज वाचवायचं तर ऐकणारा आणि ठरवणारा एका दृष्टिपथात असावा लागतो, ही समज त्या रचनेत आहे.

पहिला भाग, म्हणजे गोंगाटातून ऐकणं, याचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथं ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘स्कियापारेल्ली’ हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा मूळ संदेश मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हे. कोट्यवधी किलोमीटरवरून येणारी ती क्षीण लहर ४०१ मेगाहर्ट्झवर खोडदच्या अँटेनांनी पकडली. तिच्यात शब्द नव्हते, चित्र नव्हतं. केवळ एक सूर होता. यानाचा वेग बदलला की त्या सुराची वारंवारता बदलायची, आणि त्या बदलावरून पॅराशूट उघडल्याचं ऐकणाऱ्यांना कळलं. मग उतरण्याच्या थोडं आधी सूर थांबला. इथं या कामाची खरी कसोटी लागते. सूर थांबला म्हणजे यान फुटलं, असं म्हणता येत नाही. अँटेनाची दिशा बदलली असेल, आणखी काही झालं असेल. जेवढं ऐकू आलं तेवढंच सांगून, पुढचं इतर यानांच्या माहितीवर सोपवलं गेलं. यान आदळल्याचं नंतर मंगळाच्या कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांनी सिद्ध झालं. ऐकलं काय आणि त्यावरून मानलं काय, या दोहोंत अंतर ठेवता येणं, ही शिस्त ज्याच्या अंगी आहे तोच त्या खुर्चीवर बसायला लायक.

अर्थ लावण्याच्या कामासाठी आपल्याला पुन्हा वऱ्हाडात यावं लागतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली नावाची भाषा बोलणारी दोन-अडीच हजार माणसं आहेत. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं पक्कं जुळलेलं नाही. बाहेरून आलेल्या कानाला ती चकवते. तिच्या शब्दांपैकी मोठा भाग कोरकूतून, मराठी-हिंदीतून आणि द्राविडी भाषांतून आलेला. दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी वळणाचे, आणि पाचपासून पुढं उत्तरेकडच्या भाषांचे. ज्यानं आधी आकडे टिपले त्याला ती द्राविडी वाटेल. ज्यानं शेजारची कोरकू आधी शिकली त्याला ती कोरकूचीच बोली वाटेल. झालंही तसंच. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची गणना कोरकूसोबत झाली. १९६२ साली डच विद्वान क्युपर यांनी तिचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि उसना माल बाजूला काढल्यावरही काहीतरी उरतं, ज्याचं मूळ सापडत नाही, हे पुढं आलं. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना शैलेंद्र मोहन यांनी तिच्या नोंदणीचं काम केलं आहे. विज्ञानकथेतलं परग्रहावरचं अनोळखी बोलणं ज्या सावधपणानं ऐकावं लागतं, तोच सावधपणा जळगाव जामोदच्या पाड्यात लागतो. पहिले शंभर शब्द कळले म्हणून भाषा कळली असं नसतं, आणि ओळखीचे शब्द कधीकधी सर्वांत जास्त फसवतात.

मेळघाटात हा प्रश्न अभ्यासापुरता राहत नाही, तो जिवावर येतो. धारणी आणि चिखलदरा या अमरावती जिल्ह्यातल्या तालुक्यांत कोरकू मोठ्या संख्येनं आहेत. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सात लाखांहून अधिक लोकांची ती भाषा. ती मुंडा गटातली, संथाली-मुंडारीची दूरची बहीण. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. दवाखान्यातला डॉक्टर बहुधा बाहेरगावचा. बाळंतीण कोरकूत बोलते, सोबतचा कुणी ते हिंदीत सांगतो, डॉक्टर मनातल्या मनात मराठी करतो आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहितो. तीन वेळा भाषा बदलली, तीन वेळा काहीतरी गळू शकतं. एकच उदाहरण पाहा. कोरकूत संस्कृतासारखं द्विवचन आहे. ‘आम्ही दोघं’ आणि ‘आम्ही सगळे’ यांचे शब्दच निराळे. आता समजा, एखादी बाई सांगते की आम्हाला कालपासून जुलाब होताहेत. तिच्या भाषेत घरातले दोघं आजारी की सगळी वस्ती, हे त्या एका शब्दात आलेलं असतं. हिंदी-मराठीत येताना ते पुसलं जातं. दोघं आजारी असतील तर औषध देऊन भागेल. वस्ती आजारी असेल तर विहिरीचं पाणी तपासायला माणूस धाडावा लागेल. जो दुभाषा हा फरक ओळखतो आणि डॉक्टरला थांबवून सांगतो, त्यानं त्या क्षणी औषधाइतकंच मोलाचं काम केलेलं असतं. हे काम आज गावातल्या आशाताई करतात, अंगणवाडीसेविका करतात, शाळेत जाणारी मुलगी आईसाठी करते. त्यांच्या कामाच्या यादीत आणि मोबदल्यात या कौशल्याची वेगळी किंमत दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की यंत्रं आली, आता दुभाष्याची गरज किती दिवस? ‘स्टार ट्रेक’मध्येही विश्वभाषांतर यंत्र आहेच. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मराठी माणूस आज फोनच्या आधारे परक्या देशात वाट विचारतो, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र यंत्र शिकतं ते आधी कुणीतरी लिहून, बोलून, तपासून ठेवलेल्या साठ्यावर. मराठीचा तो साठा आहे. कोरकूचा तुटपुंजा, निहालीचा त्याहूनही. ज्या भाषेला माणसाची सर्वाधिक गरज तिथंच यंत्र सर्वांत दुबळं. शिवाय यंत्राचं वाक्य चुकलं तरी ते अस्खलित असतं. अडखळणारा दुभाषा पाहून डॉक्टरला शंका येते आणि तो पुन्हा विचारतो. गुळगुळीत चुकीवर कुणी पुन्हा विचारत नाही. यंत्र आल्यानं हे काम संपणार नाही. उलट यंत्राचं कोणतं वाक्य मानायचं आणि कोणतं पुन्हा विचारायचं, हे ठरवणारा माणूस आणखी गरजेचा होईल. यंत्र असतानाही होशी सातोला यानावर घेतलं, त्यामागं मालिकेच्या लेखकांचं हेच तर्कशास्त्र होतं.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. मालिकेच्या लेखकांनीच या पात्राला फारसं काही दिलं नाही, मग आपण त्यात एवढं का शोधावं? हेही खरं. पहिल्या वर्षानंतर खुद्द निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना राहायला राजी केलं, ही हकीगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९९१च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात तर उहुरा जाडजूड पुस्तकं चाळत शत्रूच्या भाषेत कसंबसं बोलते, आणि तो प्रसंग विनोदासाठी ठेवलेला आहे. ज्या अधिकाऱ्यानं अनेक वर्षं त्या शत्रूचे संदेश ऐकले, तिला ती भाषा येत नाही, हे पटण्यासारखं नाही. पण यावरून काम हलकं ठरत नाही. ते काम लेखकांना नीट ठाऊक नव्हतं, एवढंच ठरतं. २०२२च्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेत तरुण उहुरा एका धूमकेतूशी सुरांच्या भाषेत संपर्क साधते, गुणगुणून त्याचं उत्तर मिळवते. पन्नासहून अधिक वर्षांनी लेखकांना त्या खुर्चीत कथा दिसली. कथा तिथं सुरुवातीपासून होती.

कुणी म्हणेल, शेवटी निर्णय कप्तानाचा. ऐकणाऱ्याचं श्रेय मर्यादितच. निर्णय कप्तानाचा असतो, हे मान्य. पण कोणत्या माहितीवर निर्णय घ्यायचा हे त्याच्या आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. चरखी दादरीच्या आकाशात, लोहमार्गाच्या फाटकावर, धारणीच्या दवाखान्यात निर्णय घेणारे वेगळे आहेत आणि तरी तिन्हीकडे घडणारं किंवा टळणारं संकट आधी ऐकणाऱ्याच्या हातात होतं. एवढी जबाबदारी ज्याच्यावर, त्याला निरोप्या समजणं चूक आहे.

म्हणून मागणी साधी आहे. मेळघाटातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कोरकू जाणणाऱ्या, प्रशिक्षित आणि पगारी दुभाष्याचं पद असावं. केसपेपरवर रुग्णाचं म्हणणं कुणाच्या तोंडून आलं, त्याचं नाव लिहिलं जावं. रेल्वेच्या प्रायव्हेट नंबरासारखी एखादी पद्धत तिथंही असावी: औषध कसं घ्यायचं हे सांगून झाल्यावर ते रुग्णाच्या भाषेत त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावं आणि मगच त्याला घरी जाऊ द्यावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही. लागते ती एका कौशल्याला कौशल्य म्हणण्याची तयारी, आणि अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ. अमरावती-अकोल्याच्या लोकप्रतिनिधींनी ती ओळ मागावी, आणि वाचकांनी त्यांना ती मागायला लावावी.